अळणी चीक

ग्यानोबा मास्तरांनी घराच्या मातीच्या धाब्यावर बसून पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरली, श्वास रोखला आणि हळूच वाकवली. टच्! मधोमध दोन तुकडे. त्यातला एक वाऱ्यानं उडाला आणि शेजारच्या साखराबाईच्या अंगणात जाऊन पडला.

"मोडली का?" खालून त्यांच्या बायकोनं, केवळाबाईनं विचारलं.

"मोडली."

"मंग या खाली. भाकर निवून राहिली."

मास्तरांनी वहीत लिहिलं, 'प्रयोग क्रमांक ४०. मी शिजवला, मी वाळवला. दुपारी दोन वाजता तडा.' आता खरं सांगायचं तर शिजवला होता केवळाबाईनं आणि वाळवलाही तिनंच. मास्तर बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते. पण वही मास्तरांची, पेन मास्तरांचं, मग 'मी' दुसरा कोण असणार?

हे खूळ डोक्यात शिरलं ते आडातून. बोरवाडी अहमदपूरपासून अकरा किलोमीटरवर. दोन हजार अठराचा पावसाळा कोरडा गेला आणि पौषातच गावच्या आडानं तळ दाखवला. गावानं गाळ काढायला घेतला. गाळ कसला म्हणता? पाट्यांमागून पाट्या प्लॅस्टिकच्या पिशव्याच वर येत होत्या. झऱ्याच्या तोंडात त्यांचा असा बोळा बसला होता की तो उपसल्यावर हातभर पाणी वर आलं. मास्तर काठावर उभे राहून पोरांना नेहमीचं सांगत होते, बघा, मी तीस वर्षं शिकवलं, प्लॅस्टिक कुजत नाही. तेवढ्यात एकानं एक पिवळी पिशवी झटकून त्यांच्या हातात दिली. तिच्यावर जाड काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'पदमीन, बस्ता, १९९८.'

अक्षर मास्तरांचंच होतं. पदमीन त्यांची लेक. लग्न आटोपल्यावर मांडवातला कचरा आडाच्या कडेला टाकला होता तोही मास्तरांनीच. एकवीस वर्षांत पदमीनची पोरगी कॉलेजात गेली, व्याही वारले, लग्नातली ती शालू-पैठणी उंदरांनी खाल्ली, आणि पिशवी मात्र जशीच्या तशी. मास्तर घरी आले ते दोन दिवस जुनी पुस्तकं उलटत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पदमीनच्या माय, कणगीतली काळी ज्वारी काढ."

बायकोला ते असंच बोलवायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या पिढीत बाई नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायची आणि पुरुष बायकोचं नाव रेशनकार्डावर लिहायचा, झालं.

ज्वारी होती दोन वर्षांपूर्वीची, कापणीच्या वेळी भिजून काळी पडलेली, माणसाच्या खाण्याजोगी न उरलेली. तिच्या सत्त्वापासून पातळ कागद करायचा, प्लॅस्टिकसारखा लवचीक. त्याची पिशवी करायची, आणि ती मातीत पडली की महिन्याभरात तिची माती व्हायला हवी. असं होतं म्हणून मास्तरांनी पुस्तकात वाचलेलं होतं. सत्त्व, पाणी, थोडं ग्लिसरीन, थोडा व्हिनेगर. शिजवा, पसरा, वाळवा. पुस्तकात चार ओळी होत्या.

त्या चार ओळींनी मास्तरांना पहिल्या महिन्यातच रडकुंडीला आणलं. सत्त्व निघेना. निघालं तर शिजवताना गुठळ्या. एक दिवस पातेलं करपलं आणि केवळाबाई पदर खोचून पुढं आली. "सरका. जवारीचा चीक काढून राहिलात का गारा कालवून?"

चीक! कुरडईचा असतो तोच. केवळाबाईची कुरडई पंचक्रोशीत माहीत होती. तळली की परातीत मावायची नाही. लग्न ठरलं की तिला बोलावणं यायचं, आणि ती जाऊन मणामणाचा चीक हाटून यायची. मास्तर त्याला 'बायकांचे उन्हाळी उद्योग' म्हणायचे. आता त्याच बाईनं ज्वारी तीन दिवस भिजत घातली, रोज सकाळी पाणी बदललं, वाटली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली, रात्रभर निवळू दिली आणि वरचं पाणी हलक्या हातानं ओतून तळाचा पांढरा गोळा मास्तरांपुढं ठेवला. शिजवतानाही एकाच दिशेनं हाटत राहिली. चीक चकाकायला लागला, पळीवरून न तुटता घरंगळला, तेव्हा म्हणाली, "आता झाला." मास्तरांनी तापमान बघितलं आणि वहीत लिहिलं, 'मी या निष्कर्षाप्रत आलो की...'

एका गोष्टीवर मात्र दोघांचं रोज वाजायचं. केवळाबाईचा हात मिठाकडे जायचा आणि मास्तर ओरडायचे, "मीठ नाही! हे खायचं नाही, हे सायन्स आहे!"

"अळणी चीक शिजवू नये मास्तर. माझी माय म्हणायची, अळणी रांधायचं ते मयताच्या घरी."

"तुझ्या मायला केमिस्ट्री येत होती का?"

"न्हाई. पर तिची कुरडई कधी मोडली न्हाई."

असं बोलून ती हाटत राहायची, मनावर दगड ठेवून, अळणी.

कागद तर व्हायला लागला. ताटाला तेलाचा हात लावून पसरायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सोलून काढायचा. सकाळी असा मऊसूत की मास्तर गालाला लावून बघायचे. पण वैशाखाचं ऊन! दुपारी झळा सुटल्या की तोच कागद खारकेसारखा कडक व्हायचा आणि टच्. ग्लिसरीन वाढवलं तर चिकट झाला, आणि ग्लिसरीन गोड, मुंग्यांनी धाब्यावर वरात काढली. कमी केलं की पुन्हा टच्. चाळीस वेळा.

गाव हसत होतंच. फाट्यावर ईश्वरप्पाचं हॉटेल. तिथं त्या उन्हाळ्यात दोनच विषय असायचे, टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. जिल्हा झाला की अहमदपूर त्यात जाणार, मग कचेऱ्या येणार, पाणी येणार, सगळंच येणार. मास्तर दिसले की ईश्वरप्पा कप विसळता विसळता विचारायचा, "मास्तर, आधी जिल्हा हुतो का आधी तुमची पिशवी?" मास्तर चहा अर्धा टाकून उठायचे.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण प्रश्न पाण्याचा आला. टँकर दिवसाआड, घरटी आठ घागरी. त्या साली गावातल्या एका धाब्यावर कुरडई दिसली नाही. तीन दिवस पाणी बदलायची ऐपत कुणाची? आणि इकडे मास्तरांच्या धाब्यावर ताटंच ताटं. एक दिवस पारावर बैठक बसली आणि साखराबाई, जिच्या अंगणात मास्तरांचे तुकडे पडायचे आणि जी टँकरच्या रांगेची शिस्त सांभाळायची, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या लेकरांच्या आंघोळी बंद, आन मास्तर जवारीला आंघोळ घालून राहिलेत."

बायकांतून केवळाबाई उठली. "जवारीचं पाणी म्हशीच्या पोटात जातं, चोथाबी तिलाच. आमच्या आठ घागरीतलंच हाय. आम्ही दोघं एका बादलीत आंघुळ करतो, ईचारा मास्तरास्नी." सगळा पार हसला, मास्तर लाल झाले, पण बैठकीचा नूर बदलला. अखेर ठरलं ते असं. मास्तरांचा जुना विद्यार्थी सिद्धेश्वर विष्णुपुरीच्या कॉलेजात प्राध्यापक होता. त्यानं येत्या शुक्रवारी तिथल्या मशीनवर पट्टी तपासायला बोलावलंच होतं. पट्टी पास झाली, कॉलेजचा तसा लेखी दाखला आला, तर गावातल्या बायकांचा गट हे काम हाती घेईल आणि पाण्याचं सगळे मिळून बघतील. नापास झाली तर मास्तरांनी परात-पातेलं उचलून ठेवायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही.

"कबूल," मास्तर म्हणाले. घरी येताना मात्र ते आडापाशी थांबले. शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले, त्यातला एकही आपल्या हातचा नाही. ही पिशवी झाली नाही तर आपली म्हणून गावात उरणार ती आडातली पिवळी पिशवी, हे त्यांना टोचत होतं.

बुधवारी शुक्रवारआधीचा शेवटचा चीक शिजवायचा होता. पाणीही तेवढंच होतं. ग्लिसरीन संपलं म्हणून मास्तर सकाळच्या जीपनं अहमदपूरला गेले, परतीच्या पहिल्या जीपमध्ये जागा नव्हती म्हणून बाटली तेवढी जीपवाल्याबरोबर पुढं पाठवली आणि फोनवर केवळाबाईला सांगितलं, "तीस ग्रॅम टाक. आधी अठ्ठावीस होतं, आता तीस. मी येतोच." मोंढ्याच्या बाजारापासून एसटी स्टँडपर्यंत हिंडूनही दुसरी जीप मिळेना. ते पोचले तेव्हा दुपार टळली होती, चीक शिजून ताटांत पसरलेला होता आणि केवळाबाई ओट्यावर साखराबाईशी बोलत बसली होती. मास्तरांना बघून ती जरा जास्तच लगबगीनं उठली.

"बरोबर झालं का सगळं?"

"झालं," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

गुरुवारी दुपारी दोनला मास्तर धाब्यावर चढले. झळा अशा की डोळे उघडवेनात. पट्टी घेतली, वाकवली. वाकली! परत वाकवली. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दहा, वीस, पन्नास. मास्तरांनी पट्टी बोटाला गुंडाळली, कानाला गुंडाळली आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस धाब्यावर अनवाणी नाचायला लागला. "तीस ग्रॅम! अगं पदमीनच्या माय, तीस ग्रॅम! मी म्हणत नव्हतो?"

केवळाबाई शिडीवर अर्ध्यात उभी होती. तोंड उघडलं तिनं, काहीतरी म्हणणार होती. मग त्यांच्याकडे बघत राहिली आणि हसली. मास्तरांनी त्याच दिवशी पिशवी चिकटवली आणि सिद्धेश्वरनं तपासणीसाठी पाठवलेला अर्ज निळ्या शाईनं भरला. संशोधकाचं नाव: ग्यानोबा सटवाजी कदम, निवृत्त शिक्षक.

शुक्रवारी दोघं पहाटेच्या एसटीनं निघाले. केवळाबाईला विष्णुपुरीचं धरण बघायचं होतं. सोबत पट्ट्या, पिशवी आणि तिथं दाखवायला आधीच वाळवून राखलेला डबाभर चीक होता. विष्णुपुरीला उतरल्यावर तिनं आधी धरण बघितलं. गोदावरीचं पाणी पार खाली गेलेलं होतं, तरी तिनं हात जोडले. "एवढं तरी हाय," ती म्हणाली.

सिद्धेश्वर प्रयोगशाळेच्या दारात आला आणि दोघांच्या पाया पडला. आत दहा-बारा प्राध्यापक जमले होते. मशीन पट्टीच्या घड्या घालायचं आणि आकडा दाखवायचं. शंभर घड्या झाल्या म्हणजे पास. मास्तरांची पट्टी लावली. शंभर झाले, दोनशे झाले, तीनशे चाळिसाव्या घडीला पट्टी सुटली. पिशवीनं दोन किलोचं वजन सहज धरलं. टाळ्या पडल्या. मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायला आलं, आणि ग्लिसरीनच्या तीस ग्रॅमवर त्यांनी चांगलं दहा मिनिटांचं भाषण दिलं.

"सर," सिद्धेश्वर नम्रपणे म्हणाला, "आता इथं एकदा करून दाखवा. एकदा झालं त्याला योगायोग म्हणायचं, दुसऱ्यांदा झालं तरच विज्ञान. हे तुम्हीच आम्हाला नववीत शिकवलंत."

मास्तर स्वतः शिजवायला उभे राहिले. दोन मिनिटांत गुठळी. केवळाबाईनं पळी त्यांच्या हातातून घेतली, बाजूला उगाच वाहत असलेला नळ आधी बंद केला आणि मग हाटायला लागली. मास्तर वहीतून मापं वाचत होते, ती घालत होती. सगळं अगदी वहीबरहुकूम. चीक चकाकला, पळीवरून घरंगळला. ताटात पसरून ते तीन तासांसाठी वाळवायच्या भट्टीत ठेवलं. तोवर सगळ्यांनी केवळाबाईनं आणलेल्या धपाट्यांचा फडशा पाडला.

दोन वाजता पट्टी मशीनवर चढली. एक, दोन, तीन, चार. टच्!

दुसरी पट्टी लावली. सहा घड्या. टच्!

मास्तरांना तो आवाज चाळीस वेळा ऐकून पाठ होता, पण आपल्याच विद्यार्थ्यासमोर ऐकताना त्यांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. पारावरचे चेहरे डोळ्यांपुढं आले, ईश्वरप्पाचा कप, साखराबाईची रांग. संपलं, परात-पातेलं उचला! त्यांनी कालची पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, हुंगली. काहीच कळेना. तेव्हा माणूस जे करतो ते त्यांनी केलं. तुकडा मोडून जिभेवर ठेवला.

"सर!" सिद्धेश्वर ओरडला. "लॅबमध्ये काही चाखायचं नाही, तुम्हीच तर छडी..."

मास्तर चघळत राहिले. मग त्यांनी हळूच मान वळवून बायकोकडे बघितलं. केवळाबाईनं पदर कपाळावर ओढला.

"खारट आहे," मास्तर म्हणाले.

"चुकलं माझं," केवळाबाई खालमानेनं म्हणाली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, पण सुरू झाली तशी बोलत गेली. "साखराबाई बसली हुती. बोलण्याच्या नादात हात मिठात गेला आन मूठ पडली. चाळीस खेपा आवरला हुता मी हात, त्या दिशी न्हाई आवरला. दुसरं शिजवावं तर पाणी न्हाई. म्हणलं, मोडायचीच हाय तर मीठ खाऊन मोडू दे."

"आणि मोडली नाही तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी नाचून राहिला हुता," ती म्हणाली. "चाळीस खेपा तुमचं उतरलेलं तोंड मीच बघितलं ना, दुसऱ्या कुणी बघितलं? म्हणलं, एक दिस हसू दे माणसाला. मला काय ठावं मिठानं मोडत न्हाई म्हणून. मला वाटलं, तुमच्या त्या तीस ग्रॅमानं झालं."

सिद्धेश्वरचे डोळे मात्र लकाकले होते. तो पुटपुटायला लागला, "मीठ ओल धरतं. पावसाळ्यात मिठाचा डबा पाझरतो की नाही? आणि पिठाचे धागे एकमेकांना घट्ट चिकटू देत नसणार. सर, हे तपासावं लागेल, पण हेच असणार! आपली हवा कोरडी ठणठणीत, ओल धरणारं काहीतरी हवंच होतं." मग त्यानं वही उघडली, पानं उलटली आणि आदरानं विचारलं, "सर, वहीत मीठ कुठं दिसत नाही. लिहायचं राहिलं का?"

आता बघा, कसा प्रसंग. मास्तरांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. अर्ज भरलेला, शाई वाळलेली, केवळाबाई तर अर्जावरच्या नावाबद्दल जन्मात बोलली नसती. मास्तरांनी वहीकडे बघितलं. पानापानावर 'मी'. मी भिजवली, मी गाळला, मी शिजवला. एक्केचाळीस वेळा. त्यांना त्या अक्षराची लाज वाटली. आडातून पिशवी वर आली तेव्हा वाटली होती तशीच.

"राहिलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. "मी चाळीस वेळा मना केलं होतं. हिची माय सांगून गेली, ही मला सांगत होती, आणि मी कान बंद करून बसलो. चीक हिनंच काढला, हिनंच हाटला. मला तर अजून गुठळी न करता शिजवताही येत नाही, आत्ताच बघितलंत. मी फक्त घड्याळ बघितलं."

त्यांनी अर्ज पुढं ओढला, पेन काढलं आणि आपलं नाव एका रेघेनं खोडलं. लिहायच्या आधी, का कोण जाणे, मोठ्यानं उच्चारलं, वर्गात हजेरी घेतात तसं.

"केवळाबाई ग्यानोबा कदम."

केवळाबाईनं चमकून वर बघितलं. तिनं ते नाव बापाच्या तोंडून ऐकलं होतं, माहेरच्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. या तोंडून ऐकायला बेचाळीस वर्षं लागली. तिला वाटलं, आपण आता रडणार, म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "आवो, हळू. लोक काय म्हणतील."

"पण काकू," सिद्धेश्वर म्हणाला, "माप हवं. मीठ किती?"

"हाताला यील तेवढं."

कुणीतरी हसलं. सिद्धेश्वर हसला नाही. त्यानं खडेमिठाचं पुडकं मागवलं, काट्यावर कागद ठेवला आणि म्हणाला, "काकू, पाव किलो चिकाला घालता तेवढं घ्या बरं." केवळाबाईनं न बघता मूठ भरली आणि कागदावर टाकली. बारा ग्रॅम. "पुन्हा." अकरा पूर्णांक नऊ. "पुन्हा." बारा पूर्णांक एक. पाच वेळा तिनं मूठ टाकली, दोनदा तर तिला मुद्दाम बोलण्यात गुंतवलं, आणि पाची वेळा काटा बाराच्या आसपासच थांबला. हसणारा गृहस्थ खुर्चीतून उठून काट्याजवळ येऊन उभा राहिला. मास्तर आकडे बघत होते आणि त्यांना ती सगळी लग्नं आठवत होती, जिथून ही बाई दिवसभर चीक हाटून घरी यायची आणि ज्या हाटण्याला ते उन्हाळी उद्योग म्हणायचे. असं मापाचं माणूस आपल्या शाळेत एक नव्हतं, आपण धरून! हे त्यांना अगदी सरळ कळलं, आणि कळल्याचं वाईट न वाटता बरं वाटलं.

तिसरा चीक शिजला, मीठ घालून. संध्याकाळी पट्टी मशीनवर चढली. तीनशे बारा. सिद्धेश्वरनं सही-शिक्क्याचा कागद केवळाबाईच्या हातात दिला आणि दोघांना शेवटच्या एसटीत बसवून दिलं.

शनिवारी सकाळी बोरवाडीत टँकर आला. बायकांच्या रांगेत मास्तर स्वतः घागर घेऊन उभे राहिले तशी कुजबुज थांबली. ईश्वरप्पा सायकल घेऊन चालला होता, त्यानं पाय टेकवला. "काय मास्तर, आधी जिल्हा का पिशवी?"

"पिशवी," मास्तर म्हणाले.

साखराबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "म्हंजी पास झालात?"

"मी नापास. मी चाळीस वेळा नापास." मास्तरांनी कागद उलगडून तिच्यापुढं धरला. "केवळाबाई पास झाली. नाव वाचा, वरच आहे."

साखराबाईला वाचता येत होतं. तिनं कागद वाचला, मग मास्तरांचं तोंड वाचलं. नवऱ्यानं बायकोचं नाव असं चारचौघींत घेतलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं आपली भरलेली घागर उचलली आणि मास्तरांच्या रिकाम्या घागरीशेजारी ठेवली.

"ही न्या. तुमच्या सायन्साला न्हाई देऊन राहिले," ती म्हणाली. "केवळाबाईच्या चिकाला देऊन राहिले."

तिच्या मागच्या बाईनं अर्धी घागर ओतली. तिच्या मागचीनं तांब्याभर. मास्तरांनी एकेक करून दोन्ही घागरी खांद्यावर घेतल्या आणि एक थेंब सांडू न देता घरी आणल्या. ज्वारी भिजत घातली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "केवळाबाई! मीठ कुठं ठेवलंय?"

गल्लीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"फळीवर, डाव्या हाताला," ती गोठ्यातून म्हणाली. "पर हात लावू नका. मी आले."